कृषी हवामान सल्ल्यामागील माहितीची साखळी



सकाळी कपाशीवर फवारणी उरकावी आणि दुपारच्या सरीने सगळे औषध धुऊन न्यावे, असा अनुभव आपणांपैकी अनेकांना आला असेल. औषधाचा खर्च गेला, मजुरी गेली, कीड मात्र तशीच राहिली. अशा वेळी दोष अंदाजाला दिला जातो. परंतु तो अंदाज कोणत्या तारखेचा व कोणत्या तालुक्यासाठी होता, हे पाहिले होते काय? हा प्रश्न का विचारावा लागतो, हे समजण्यासाठी दर मंगळवारी व शुक्रवारी मिळणारा कृषी हवामान सल्ला कसा तयार होतो ते पाहू.

हा सल्ला एका कचेरीत बसून तयार होत नाही. जगभरातील वेधशाळा ठरलेल्या वेळी एकाच क्षणाच्या नोंदी घेतात. वरच्या हवेत फुगे सोडून घ्यावयाच्या नोंदींची मुख्य वेळ आपल्याकडे पहाटे ५.३० व सायंकाळी ५.३० ही आहे. उपग्रह, रडार, जहाजे व विमाने यांची माहितीही त्यात मिळते. जागतिक हवामान संघटनेच्या दूरसंचार जाळ्यातून ती देशोदेशी पोहोचते. प्रत्येक आकड्याबरोबर ठिकाण व वेळ जोडलेली असते. दूध संकलन केंद्रात नमुन्याच्या बाटलीवर सभासद क्रमांक नसेल तर फॅट कोणाच्या नावावर मांडावयाची? इथेही तसेच आहे.

आलेला आकडा तसाच वापरत नाहीत. शेजारच्या केंद्रांशी व आधीच्या अंदाजाशी तो ताडून पाहतात. १७ मि.मी.ऐवजी चुकून १७० आले तर ते तिथेच अडते. एखादे केंद्र बंद पडले तरी काम थांबत नाही, उरलेल्या नोंदींवर पुढे चालते. उशिरा मिळालेला अचूक अंदाज काय कामाचा?

यानंतरची आकडेमोड अवाढव्य आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेत २०२४ मध्ये सुरू झालेला ‘अर्का’ महासंगणक सेकंदाला एक कोटी अब्जांहून अधिक गणिते करू शकतो. त्यातून निघणारी सर्व माहिती जिल्ह्याजिल्ह्याला पाठविणे परवडणारे नाही. आपण ऊस दूरच्या शहरात नेऊन गाळत नाही, कारखाना उसाजवळ असतो आणि प्रवास साखरेचा होतो. तद्वतच मूळ माहिती महासंगणकाजवळ राहते आणि पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा, ढग यांचे पुढील पाच दिवसांचे मोजके आकडे बाहेर पडतात. राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांशी संलग्न केंद्रांतील तज्ज्ञ त्यांना पिकाच्या अवस्थेची जोड देऊन सल्ला लिहितात. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘मेघदूत’ ॲपवरही तो मिळतो.

साखळीला मर्यादा आहेत. मे २०२५ पासून वापरात आलेली भारत अंदाज प्रणाली ६ कि.मी.चे चौकोन धरते. म्हणजे सुमारे ३,६०० हेक्टरला एक आकडा! आपल्या शिवारात पाऊस व शेजारच्या शिवारात ऊन, हे तिला दिसेलच असे नाही. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे जास्तीत जास्त चौथा हिस्सा केंद्रांवर पाऊस, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्या मते साखळी सर्वांत जास्त तुटते ती गावात आल्यावर. सल्ल्यातील दोन ओळी कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतो, तारीख व तालुका गळून पडतो, आणि गेल्या आठवड्याचा ‘कोरडे हवामान’ हा निरोप आज फिरत राहतो. म्हणून तारीख नसलेल्या निरोपावर फवारणी करू नये. मूळ सल्ला उघडून पाहावा. पुढे पाठवावयाचा असल्यास पूर्ण पाठवावा.

शक्य असल्यास शेतात पर्जन्यमापक बसवावा. घर व झाडे यांच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतर सोडावे. पाऊस रोज सकाळी ८.३० वाजता मोजून तारखेसह वहीत लिहावा. वेधशाळांचा पावसाचा दिवस त्याच वेळी संपतो, त्यामुळे दुपारी मोजलेला आकडा त्यांच्या आकड्याशी ताडता येणार नाही.