गेनच्या शाळेतले आकडे

बेटावर मुलांची एक शाळा आहे. मुलं नाहीत, मास्तर नाहीत, फक्त रिकामी खोली. तिथे एक खेळणं ठेवलेलं आहे. दोन बाजूंना दोऱ्याला लटकलेली दोन छोटी माणसं आणि खाली जबडा वासलेला एक अक्राळविक्राळ मासा. मूठ फिरवली की चौकोनात एक चिन्ह दिसतं आणि त्या बाजूचा माणूस खट्, खट्, खट् करत खाली उतरतो. पुन्हा फिरवली की वेगळं चिन्ह येतं आणि तो आणखी थोडा खाली जातो. जबड्यापर्यंत पोचला की मासा त्याला गिळतो.

याचं काय करायचं हे कुणीही सांगत नाही. पण दोन-चार वेळा मूठ फिरवल्यावर लक्षात येतं की एक चिन्ह आलं की माणूस एकच घर उतरतो, दुसरं आलं की तीन घरं. हे अंकगणिताचं खेळणं आहे! ‘खट्’ मोजायचे, शेजारी वहीत चिन्ह काढायचं, की थोड्या वेळात एका पूर्ण अनोळखी भाषेचे आकडे आपल्याला येऊ लागतात. शिकवायला कुणी नसताना.

ही शाळा ‘रिव्हन’ या खेळातली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्पोकेन शहराजवळच्या ‘सायन’ कंपनीने तो १९९७ मध्ये काढला आणि २०२४ च्या जूनमध्ये त्याच कंपनीने तो पायापासून नव्याने बांधून पुन्हा आणला. मी दोन्ही खेळले आहे. कॉम्प्युटरवर खेळायच्या कोड्यांमध्ये याच्या तोडीचं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

आधी ते आकडे पाहू, कारण सगळी जादू तिथेच आहे. प्रत्येक आकडा एका चौकटीत लिहिलेला असतो. एक म्हणजे उभी रेघ. दोन, तीन आणि चार यांना आपापली साधी चिन्हं आहेत. मग पाच येतो आणि इथे गंमत होते. पाच म्हणजे आडवी रेघ, म्हणजेच एकाचं चिन्ह काटकोनात फिरवलेलं. सहा म्हणजे आडव्या रेघेवर उभी रेघ, म्हणजे पाचावर एक चढवलेला. खेळणं फक्त दहापर्यंतचे आकडे दाखवतं, त्यापुढे गप्प होतं. पण खेळात पुढे जायला त्याहून मोठे आकडे लागतात. पंधरा कसा लिहायचा? वीस? चोवीस? उत्तर कुठेच लिहिलेलं नाही, तरी ते तुमच्यापाशी आहे. पाच कसा तयार झाला हे कळलं असेल तर पंधरा आणि वीसही तयार करता येतात. मी इथेच थांबते. वाचणाऱ्याने कागदावर करून पाहावं, पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातला आनंद मला कुणाकडून हिरावून घ्यायचा नाही.

ही गणना पंचवीसच्या पटीत चालते. आपण दहापाशी आलो की डावीकडे नवं घर उघडतो, या पद्धतीत ते पंचवीसपाशी उघडतं. आणि या खेळात पाच आणि पंचवीस सगळीकडे भरून राहिले आहेत. बेटं पाच. बेटांच्या नकाशांचा प्रत्येक तुकडा पंचवीस घरांत विभागलेला. शेवटच्या मोठ्या यंत्राचा पाट पंचवीस बाय पंचवीस घरांचा. हा नुसता सजावटीचा सोस नाही, त्यामागे एक माणूस आहे.

त्याचं नाव गेन. या कथेतले लोक पुस्तकं लिहून जगांकडे जाण्याची वाट उघडतात. पुस्तकाच्या पानावर हात ठेवला की तुम्ही त्या जगात. रिव्हन हे गेनच्या अशा पुस्तकांतलं पाचवं जग, आणि पाच या आकड्याने गेनला झपाटलेलं आहे. तो तिथे देव बनून राहिला. लोकांवर स्वतःची भाषा लादली, स्वतःचे आकडे लादले. त्याचा मुलगा एट्रस याने त्याला तिथेच अडकवून ठेवलंय, आणि आता एट्रसची बायको कॅथरीन गेनच्या कैदेत आहे. तिला सोडवायला तुम्ही जाता. बेटांवर उभे राहिलेले ते सोनेरी घुमट आणि वाफेवर चालणारी यंत्रं म्हणजे गेनची सुटकेची धडपड: त्याच्या स्वतःच्या पुस्तकांमध्ये पुरेसा जोर नाही, म्हणून त्यांना बाहेरून ऊर्जा द्यावी लागते.

आता त्या खेळण्याकडे पुन्हा बघा. तो मासा म्हणजे तिथला वार्क, खरोखर त्या समुद्रात राहणारा. पुढे एका ठिकाणी खरा फाशीचा खांबही दिसतो, आणि गेनच्या विरोधकांना वार्कच्या तोंडी देण्यात येतं हे समजतं. म्हणजे त्या शाळेत मुलं एक-दोन-तीन शिकत होती ती माणूस माशाच्या तोंडाकडे किती घरं उतरलाय हे मोजत. कोडं सोडवताना आपल्याला आकडे मिळाले आणि नकळत एका जुलमी राज्याचा सगळा कारभारही समजला. कुणी भाषण दिलं नाही, कुणी रडून सांगितलं नाही. वस्तू तिथे होती, ती कशासाठी बनवली असेल याचा विचार आपण केला, बस्स. साहसी खेळांत कोडी बहुधा दाराला लावलेल्या कुलपांसारखी असतात: कथा एकीकडे, कुलूप एकीकडे. रिव्हनमध्ये कोडं सोडवणं म्हणजेच कथा समजणं. माझ्या मते याहून मोठं काम या प्रकारात झालेलं नाही.

हे एकदम घडलं नाही. सायनच्या रँड आणि रॉबिन मिलर या भावांनी रिव्हनच्या आधी, १९९३ मध्ये, ‘मिस्ट’ हा खेळ काढला. नाव सुचलं ज्यूल व्हर्नच्या ‘द मिस्टीरियस आयलंड’वरून. भा. रा. भागवतांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या घरचाच झाला, त्यामुळे ही कादंबरी आपल्याला परकी नाही. त्यातला कॅप्टन नेमो हा मुळात बुंदेलखंडचा राजपुत्र, १८५७ च्या उठावात लढलेला, हे व्हर्न याच कादंबरीत उघड करतो. निर्मनुष्य वाटणारं बेट आणि कुणीतरी अदृश्य माणूस तिथे वावरून गेल्याच्या खुणा: मिस्टने व्हर्नकडून नेमकं हेच घेतलं.

तो बनवला कसा, हे ऐकून आजही थक्क व्हायला होतं. ॲपलच्या मॅकिंटॉशवर हायपरकार्ड नावाचा प्रोग्राम असे. बिल ॲटकिन्सन यांनी तो १९८७ मध्ये आणला. एक कार्ड, त्यावर काही बटणं, बटण दाबलं की दुसरं कार्ड. लोक त्यात पत्ते, पाककृती, शाळेचे धडे साठवत. मिलर बंधूंनी त्यात आख्खं बेट साठवलं. प्रत्येक कार्ड म्हणजे एक जागा आणि एक दिशा. डावीकडे क्लिक केलं की डावीकडचं चित्र, पुढे केलं की दोन पावलं पुढचं. अशी सुमारे २,५०० चित्रं. ती कॉम्प्युटरवर त्रिमितीत रचायची, मग एकेक चित्र तयार होण्याची वाट पाहत बसायचं. सीडी-रॉमचा वेग तेव्हा सेकंदाला जेमतेम १५० किलोबाइट. त्यामुळे बेटावर हालचाल अशी जवळजवळ नाहीच: पाणी स्थिर, ढग स्थिर, झाडं स्थिर. आपण चालत नाही, एका चित्रातून दुसऱ्या चित्रात जातो.

आवाजांचं तर विचारूच नका. भट्टीतल्या आगीचा आवाज हवा होता, पण खऱ्या आगीचं ध्वनिमुद्रण आगीसारखं वाटेना. शेवटी घरासमोरच्या खडीच्या रस्त्यावरून गाडी हळूहळू चालवली आणि तो आवाज घेतला. घड्याळाच्या मनोऱ्याचे टोल म्हणजे पान्ह्याचा आवाज, खालच्या पट्टीत उतरवलेला. मिस्टच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. २००२ मध्ये ‘द सिम्स’ने मागे टाकेपर्यंत कॉम्प्युटरवरचा सर्वाधिक खपाचा खेळ तोच होता. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ मध्ये पहिल्यांदा खेळ संग्रहात घेतले, त्यात मिस्ट आहे.

रिव्हनच्या वेळी पैसा आला, मोठी यंत्रं आली, आणि डिस्नेच्या ‘अलादीन’वर काम केलेले रिचर्ड व्हँडर वेंडे सोबतीला आले. चित्रांचा दर्जा इतका वाढला की खेळ पाच सीडींवर गेला. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं तर पाण्यावरून झेपावणाऱ्या डब्यात बसायचं, आणि पोचता पोचता सीडी बदलायची सूचना यायची. पण चित्रं अजूनही स्थिरच होती.

त्या स्थिर चित्रांचा एक फायदा होता आणि तो मला नव्या आवृत्तीमुळेच नीट कळला. चित्र स्थिर असलं की डोळा कुठे जाईल हे चित्रकार ठरवतो. दाराच्या चौकटीतून समुद्राचा कोणता तुकडा दिसणार, भिंतीची कोणती कड उजेडात येणार, हे सगळं ठरलेलं. जुन्या रिव्हनमध्ये एका खाडीचा आकार विशिष्ट जागेवरून पाहिला की माशासारखा दिसतो. ती जागा खेळ तुम्हाला देतोच, कारण उभं राहायला मोजक्याच जागा आहेत. नव्या आवृत्तीत अनरिअल इंजिन ५ वर दृश्य त्या त्या क्षणी रंगवलं जातं आणि तुम्ही कुठेही उभे राहू शकता, वाकू शकता, मागे वळू शकता. व्हीआर चष्मा लावला तर मूठ खरोखर हाताने फिरवता येते. मग तुमचं लक्ष नेमकं हव्या त्या ठिकाणी आणायचं कसं? ते काम आता उजेडाने, वाटेच्या वळणाने, आवाजाने करायचं. सायनने ते केलं आहे, आणि जिना चढून वर आल्यावर पहिल्यांदा सोनेरी घुमट दिसतो तिथे त्यांचं कसब कळतं.

दुसरा प्रश्न त्याहून अवघड होता. कोडं एकदा सुटलं की सुटलं, ते विसरता येत नाही. जुन्या चाहत्यांना रिव्हनची उत्तरं पंचवीस वर्षांनंतरही पाठ होती. नुसती चित्रं सुधारून तोच खेळ दिला असता तर त्यांच्यासाठी ती प्रेक्षणीय स्थळांची सहल झाली असती. म्हणून सायनने मोठी कोडी नव्याने रचली. ज्याला जुनं येतं तोही पुन्हा वही उघडून बसतो. हा निर्णय सोपा नव्हता, आणि काही चाहत्यांना तो रुचलेला नसेल. मला तो पूर्ण पटतो. रिव्हन म्हणजे विशिष्ट उत्तरं नव्हेत, रिव्हन म्हणजे अनोळखी जागेचा अर्थ लावणं. ते टिकवायचं तर उत्तरं बदलायलाच हवी होती.

यामागे चाहत्यांचं ऋणही आहे. ‘स्टारी एक्स्पान्स’ नावाच्या हौशी गटाने दशकाहून अधिक काळ जुन्या चित्रांवरून बेटांची त्रिमितीत पुनर्रचना करायचा ध्यास घेतला होता. पुढे ते काम सायनने स्वतःकडे घेतलं.

एक गोष्ट मात्र मला कमी पडलेली वाटते. मूळ खेळात गेन होते जॉन केस्टन, खऱ्या कॅमेऱ्यासमोर. त्यांचं बोलणं इतकं सौम्य, इतकं सुसंस्कृत, की हा माणूस आपल्याला समजावून सांगतोय की फसवतोय हे ठरवता येत नाही. नव्या आवृत्तीत आवाज त्यांचाच आहे, पण चेहरा कॉम्प्युटरने घडवलेला. मोकळ्या हालचालीच्या जगात सपाट चित्रफीत बसत नाही, हे कारण समजतं. तरी त्या डोळ्यांतला थंडपणा घडवलेल्या चेहऱ्यात उतरलेला नाही.

रिव्हन कधीच खेळला नसाल तर २०२४ ची आवृत्ती घ्या. जुना खेळही आजच्या कॉम्प्युटरवर स्कमव्हीएम या मोफत प्रोग्राममधून चालतो, तो नंतर पाहा, केस्टन यांच्यासाठी तरी पाहाच. कागद-पेन्सिल जवळ ठेवा, शक्य असेल तर घरातल्या कुणाला शेजारी बसवा, आणि इंटरनेटवर तयार उत्तरं शोधू नका. अडलात तर खेळ बंद करून झोपा.