सार्वजनिक आरोग्य : डॉक्टर न होताही

बारावीचा निकाल लागला की एक प्रश्न शिक्षकांच्या कानावर हमखास येतो. "सर, मेडिकलला नंबर लागला नाही. आता काय करू?" आपण औषधनिर्माणशास्त्र, परिचर्या, सूक्ष्मजीवशास्त्र असे पर्याय सुचवतो. सार्वजनिक आरोग्याचे नाव या यादीत क्वचितच असते. याचे एक कारण म्हणजे या क्षेत्रात नेमके काय करतात, हेच आपल्याला पुरेसे ठाऊक नसते.

एक उदाहरण घेऊ. समजा, स्नेहसंमेलनात ८० मुले जेवली आणि रात्री त्यांतल्या ३३ जणांना उलट्या-जुलाब सुरू झाले. डॉक्टर मुलांवर उपचार करतील. पण दोष कोणत्या पदार्थाचा? हे शोधायचे तर आजारी न पडलेल्या मुलांनाही विचारावे लागते. बासुंदी खाल्लेल्या ५० मुलांपैकी ३० आजारी पडली, म्हणजे ६० टक्के. न खाल्लेल्या ३० पैकी ३, म्हणजे १० टक्के. भजी खाल्लेल्या ६० पैकी २५ आजारी पडली आणि न खाल्लेल्या २० पैकी ८; म्हणजे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच प्रमाण. संशय बासुंदीवर येतो. मग तिचा नमुना प्रयोगशाळेत जातो. यात वापरले गेले ते फक्त शेकडेवारीचे गणित!

हीच साथरोगशास्त्राची मूळ रीत. १८५४ साली लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो यांनी मृत्यू कोठे कोठे झाले ते पाहिले. ते ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोवती दाटलेले होते. ८ सप्टेंबरला त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. रॉबर्ट कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू वेगळा केला तो त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी.

आता आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी वैद्यकीय शिक्षणानंतर अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तेथील ३९ गावांत त्यांनी गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखणे व त्यावर प्रतिजैविक देणे शिकवले. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने येथे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. तुलनेची गावे नसती, तर हा परिणाम या कामाचा की बदललेल्या परिस्थितीचा, हे सांगता आले नसते. पुढे २०११ पासून आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर सुरू झाला.

अशा कामाला डॉक्टर लागतात, तसेच संख्याशास्त्रज्ञ, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, आहारतज्ज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि पाणीपुरवठ्याचे अभियंतेही लागतात. एमबीबीएस झालेल्यांना सामुदायिक वैद्यकशास्त्रात एम.डी. करता येते. इतर पदवीधरांसाठी सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमपीएच, हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आणि सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ ही त्यासाठीची परिचित नावे. प्रवेशाच्या अटी संस्थागणिक वेगळ्या असतात. त्या आधी पाहून घ्याव्यात. लोकसंख्याशास्त्रासाठी मुंबईत देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. लवकर नोकरी हवी असेल त्यांच्यासाठी स्वच्छता निरीक्षकाची पदविका आहे; तिचा उपयोग नगरपालिका व महापालिकांत होतो.

पण विद्यार्थ्याला दुसरी बाजूही सांगायला हवी. एमपीएच झाले म्हणजे 'डॉक्टर' होत नाही. रोग्यावर उपचार करण्याचा अधिकार मिळत नाही. सरकारी आरोग्य कार्यक्रमांतील अनेक जागा कंत्राटी असतात आणि वरच्या जागांवर बहुधा वैद्यकीय पदवीधरच दिसतात. स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, रुग्णालय व्यवस्थापन यांत कामे मिळतात. पण प्रकल्प संपला की नवे काम शोधावे लागते. खासगी संस्थांची फी भरमसाट असू शकते. म्हणून पैसे भरण्यापूर्वी मागील दोन-तीन वर्षांचे विद्यार्थी आज कोठे काम करतात, हे त्यांनाच विचारावे. आधी संख्याशास्त्र किंवा जीवशास्त्रासारख्या विषयाची पक्की पदवी, मग एमपीएच, हा क्रम मला अधिक सुरक्षित वाटतो.

हे क्षेत्र मेडिकल हुकलेल्यांचे सांत्वन नव्हे. ज्याला आकडेमोड आवडते, लोकांशी बोलताना कंटाळा येत नाही आणि गावोगाव हिंडण्याची तयारी आहे, त्याचे हे क्षेत्र आहे. ही आवड पारखण्यासाठी वर्गातच एक प्रयोग करता येईल. गैरहजेरीचे रजिस्टर घ्या. महिनाभर आजारपणाच्या रजा वस्तीनुसार व पिण्याच्या पाण्याच्या स्रोतानुसार मांडायला सांगा. प्रत्येक गटात एकूण मुले किती, हे मोजायला विसरू नका. नाहीतर मोठ्या वस्तीवर उगाच दोष येईल. हा तक्ता पाहून जो विद्यार्थी "असे का?" म्हणून पुन्हा विचारायला येईल, त्याला या वाटेबद्दल जरूर सांगा.