लेखांक ७ : गुन्ह्यावाचून बंदिवास

मागील लेखांकात फिर्याद, प्रथम खबर आणि दोषारोपपत्र यांतील भेद पाहिला. त्यापुढचा प्रश्न बंदिवासाचा आहे. आत टाकले म्हणजे काहीतरी केलेच असणार, हा सार्वत्रिक समज कायद्याच्या परिभाषेशी जुळत नाही, आणि ही विसंगती रत्नागिरीइतकी ठळकपणे क्वचितच कोठे दिसते.

कायद्याच्या दृष्टीने गुन्हा म्हणजे शिक्षेस पात्र ठरवलेली कृती किंवा कर्तव्याची हेळसांड होय. ती घडतेवेळी अमलात असलेल्या कायद्याने गुन्हा ठरत नसेल, तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(१) नुसार कोणालाही तिच्याबद्दल दोषी ठरवता येत नाही, मग समाज तिला कितीही निंद्य मानो. व्यभिचार हे घटस्फोटाचे कारण आजही आहे, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या २७ सप्टेंबर २०१८ च्या निकालानंतर तो गुन्हा राहिलेला नाही.

रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये नऊपैकी सात ज्युरींनी राजद्रोहाबद्दल दोषी ठरवले आणि त्यांची रवानगी मंडालेला झाली. हा निकाल आज अन्याय्य वाटला, तरी आरोप, खटला, दोषसिद्धी व शिक्षा हा क्रम तेथे पाळला गेला होता. याउलट, ज्या मंडालेतून १८८५ च्या युद्धानंतर ब्रह्मदेशाचा राजा थिबा याला पदच्युत करून नेण्यात आले, तेथून तो १८८६ मध्ये रत्नागिरीस पोचला तो कोणत्याही खटल्यावाचून. त्याला तनखा मिळत होता, पुढे भाट्याच्या खाडीकडे पाहणारा राजवाडाही बांधून मिळाला. मात्र १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मायदेशी परतण्याची मुभा मिळाली नाही. अशा व्यक्तीस गुन्हेगार म्हणता येत नाही, कैदीही ओढूनताणूनच म्हणता येते. तिच्यासाठी राजबंदी हा शब्द आहे.

स्थानबद्धता ही या दोहोंमधली अवस्था होय. विनायक दामोदर सावरकर यांना पन्नास वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. १९२४ मध्ये त्यांची सुटका झाली ती रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटींवर. पाच वर्षांची ही मुदत वेळोवेळी वाढवण्यात आली आणि निर्बंध १९३७ मध्येच उठले.

आजचा हद्दपारीचा आदेश, ज्याला बोलीत तडीपारी म्हणतात, नेमका उलट आहे : तेथे जिल्ह्यात राहण्याची नव्हे, जिल्ह्याबाहेर राहण्याची सक्ती असते. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ५६ खाली तो काढण्यास आधीची दोषसिद्धी आवश्यक नसते, आणि त्याची मुदत दोन वर्षांहून अधिक असू शकत नाही. आदेश ही शिक्षा नसून प्रतिबंध आहे, असे कायदा मानतो. तथापि तडीपार व्यक्ती परवानगीवाचून हद्दीत शिरली, तर ते शिरणेच कलम १४२ खाली स्वतंत्र गुन्हा ठरते, आणि त्यासाठी मात्र रीतसर खटला चालवावा लागतो.