स्नायूंना ‘पुरे’ सांगणारे प्रथिन

जिमला जाणाऱ्या मुलांच्या तोंडी हल्ली ‘मायोस्टॅटिन’ हा शब्द असतो. ते रोखण्याच्या नावाखाली पावडरी आणि गोळ्याही विकल्या जातात. घरातला पैसा अशा डब्यावर जाण्याआधी हे प्रकरण काय आहे ते समजून घेऊ.

मायोस्टॅटिन हे प्रथिन आहे, पण ते डाळीतून किंवा अंड्यातून येत नाही. आपले स्नायूच ते बनवतात. स्नायूंच्या धाग्यांना चिकटून काही राखीव पेशी झोपलेल्या असतात. स्नायूला इजा झाली की त्या जाग्या होतात, एकीच्या दोन होतात, मग एकमेकींत मिसळून धागा दुरुस्त करतात. मायोस्टॅटिन अशा पेशीच्या पृष्ठभागावर जोडले जाते आणि आत निरोप जातो : पुरे! पेशींची संख्या वाढणे थांबते, त्यांचा पक्का स्नायू होण्याचे कामही मंदावते.

१९९७ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अलेक्झांड्रा मॅकफेरॉन आणि से-जिन ली यांनी उंदरांमधले हे जनुक निकामी केले. त्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट झाले. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांत तर हे जनुक मुळातच बिघडलेले असते. ती गुरे पहिलवानासारखी दिसतात खरी, पण वासरू इतके थोराड की बहुतेकदा गाईचे पोट कापूनच काढावे लागते. २००४ मध्ये जर्मनीतल्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या होत्या. साडेचार वर्षांचा असताना तो दोन्ही हात ताठ धरून तीन-तीन किलोची डंबेल्स पेलत असे.

मग औषध का नाही? प्रयत्न झाले. ड्युशेन या आजारात लहान मुलांचे स्नायू झिजत जातात. त्यांच्यासाठी मायोस्टॅटिन रोखणाऱ्या एका औषधाची चाचणी झाली. पण मुलांच्या जिने चढण्यात फरक पडला नाही आणि २०१८ मध्ये ती बंद केली गेली. मोठ्या कंपन्यांना जे जमले नाही ते दुकानातल्या डब्यात असेल, असे मानायला आधार नाही.

वजन उचलण्याच्या व्यायामाने स्नायूंतले मायोस्टॅटिन कमी बनते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. याला जिमच लागते असे नाही. आजारपणातून उठलेल्या आजीला डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर खुर्चीवरून दहा वेळा उठबस करायला लावा. शेजारी कुणीतरी उभे राहा. जेवणात डाळ, उसळ, शेंगदाणे, अंडे असू द्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिने किती घ्यायची ते डॉक्टरांना विचारूनच ठरवा.