श्रावण पाळला, पुढे काय?

आषाढ अमावास्येला घरोघरी दिवे घासूनपुसून पाटावर मांडतात, कणकेचे गोड दिवे उकडतात. त्याच दिवशी चिकनच्या दुकानासमोर सकाळपासून रांग लागते आणि संध्याकाळी वाईन शॉपच्या जाळीतून एकाच वेळी पाच-सहा हात नोटा घेऊन आत जातात. गटारी म्हणून ओळखला जाणारा हा दिवस सरला की श्रावण लागतो, आणि एरवी एकही शनिवार न चुकवणारी कितीतरी माणसं महिनाभर ग्लासाला हात लावत नाहीत. डॉक्टरांनी बजावलेलं नसतं, सरकारने बंदी घातलेली नसते. घरात आजोबा पाळायचे, वडील पाळायचे, म्हणून हेही पाळतात.

२०२३ साली तर अधिक मास श्रावणातच आला. १८ जुलैला लागलेला श्रावण १५ सप्टेंबरपर्यंत चालला. अधिक धरायचा की फक्त निज, हा प्रश्न त्या वर्षी अनेक घरांत आणि मित्रमंडळांत चर्चेला आला. अमावास्या सोमवारी होती, म्हणून अनेकांनी गटारी आदल्या रविवारीच उरकून घेतली. काहींनी दोन्ही महिने पाळले, काहींनी निज श्रावणापुरता नेम ठेवला. सलग दोन महिने ज्यांनी पाळले, त्यांना आपल्याच शरीराची अशी ओळख झाली असणार, जी एरवी फारशी होत नाही.

श्रावणाची खरी ताकद तो देत असलेल्या मोकळिकीत आहे. एरवी मित्रांच्या टेबलावर ‘आज नको’ म्हटलं की चौकशी सुरू होते. तब्येत बरी नाही का, बायकोने दम दिला का, एकच घे रे. ‘आमचा श्रावण आहे’ म्हटलं की सगळे गप्प. कुणी आग्रह करत नाही, वेटर न विचारता फ्रेश लाइम सोडा आणून ठेवतो. दारू सोडू पाहणाऱ्या माणसाला सगळ्यात जड जातो तो आग्रह, आणि महाराष्ट्रात वर्षातला एक महिना तो आपोआप थांबतो. वसईतल्या आणि गोव्यातल्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांतही ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात हाच संयम दिसतो.

ब्रिटनमध्ये अशी मोकळीक मुद्दाम तयार करावी लागली. तिथल्या एमिली रॉबिन्सन यांनी २०११ मध्ये अर्धमॅरेथॉनच्या तयारीसाठी जानेवारीभर दारू बंद ठेवली. झोप सुधारली, दम वाढला, आणि भेटेल तो त्याबद्दल विचारू लागला. पुढे त्या ‘अल्कोहोल कन्सर्न’ या संस्थेत गेल्या आणि २०१३ मध्ये संस्थेने ‘ड्राय जानेवारी’ ही मोहीम सुरू केली. पहिल्या वर्षी सुमारे चार हजार लोकांनी नाव नोंदवलं. आता ती जगभर पोहोचली आहे आणि पुण्या-मुंबईच्या आयटी कंपन्यांतली तरुण मंडळीही तिच्याबद्दल बोलतात. त्यांच्या आजोळी हा नेम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, हे त्यांच्यापैकी अनेकांच्या ध्यानातही येत नसेल.

ड्राय जानेवारीमुळे एक मोठं काम झालं: महिनाभराच्या विश्रांतीचा शास्त्रीय अभ्यास सुरू झाला. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी बऱ्यापैकी पिणाऱ्या, पण व्यसनी नसलेल्या ९४ जणांना महिनाभर दारूपासून दूर ठेवून आधी आणि नंतर तपासलं. २०१८ मध्ये ‘बीएमजे ओपन’मध्ये आलेल्या या अभ्यासात इन्सुलिनला होणारा शरीराचा विरोध, म्हणजे मधुमेहाकडे नेणारी वाट, सुमारे २५ टक्क्यांनी कमी झालेला दिसला. रक्तदाब उतरला, वजन थोडं घटलं आणि कर्करोगाच्या वाढीशी संबंध असलेली रक्तातली दोन प्रथिनंही बरीच खाली आली. याच काळात पीत राहिलेल्या लोकांच्या गटात असा बदल दिसला नाही. भारतात मधुमेह आणि पोटाचा घेर ज्या वेगाने वाढतोय, ते पाहता यातला इन्सुलिनचा आकडा आपण नीट वाचायला हवा.

यकृताचं तर विशेष आहे. नियमित पिणाऱ्याच्या यकृतात चरबी साठते, पण दुखत काहीच नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. दारू थांबली की ही चरबी दोन ते सहा आठवड्यांत बऱ्याच अंशी उतरते. त्यापुढची पायरी मात्र सिरॉसिसची. तिथे यकृतावर व्रण पडलेले असतात, आणि ते एका महिन्याच्या संयमाने पुसले जात नाहीत.

झोपेचा अनुभव सगळ्यात आधी येतो. रात्री दोन पेग घेऊन आडवं झालं की डोळा पटकन लागतो, म्हणून अनेकजण दारूला झोपेचं औषध समजतात. यकृत तासाला साधारण एका स्मॉल पेगची दारू निचरून टाकतं. हा निचरा होत आला की मेंदू उलट तरतरीत होतो. मग पहाटे दोन-तीनला जाग येते, तोंड कोरडं पडलेलं असतं, छाती धडधडत असते, लघवीला उठावं लागतं आणि पुन्हा झोप येत नाही. श्रावणाच्या पहिल्या तीन-चार रात्री नेहमीचा पेग नसल्यामुळे तळमळत जातात. दुसऱ्या आठवड्यात बऱ्याच जणांना सलग सहा-सात तास झोप लागू लागते आणि सकाळचं डोकं जड होणं थांबतं. आपण थकलेलो नव्हतो, नीट झोपत नव्हतो, हे तेव्हा उमगतं.

आता रोजच्या पिण्याचा हिशेब. भारतातल्या व्हिस्की-रममध्ये ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. तीस मिलीच्या स्मॉल पेगमध्ये त्यामुळे सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साठ ग्रॅमच्या आसपास. ‘मी दारू पीत नाही, फक्त बिअर’ असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा: आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे चार स्मॉल पेग. घरी ओततानाचा पेग तर मापात राहतच नाही. बारमध्ये निदान पेगमेजर तरी असतं, घरी दोन बोटं म्हणता म्हणता नव्वद मिली होतात. अल्कोहोलच्या एका ग्रॅममध्ये सात कॅलरी असतात, म्हणजे क्वार्टरमधून चारशेहून अधिक कॅलरी पोटात जातात. सोबतचं फरसाण, मसाला पापड आणि चिकन चिली वेगळे.

पैशाचं गणित सोपं आहे. जून २०२५ मध्ये राज्याने मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं, आणि भारतीय बनावटीच्या विदेशी मद्याच्या क्वार्टरची किमान किंमत २०५ रुपये झाली. रोज एक क्वार्टर धरली तर तीस दिवसांचे ६,१५० रुपये. मुलाच्या शिकवणीची फी, गावाकडच्या आईची औषधं, गाडीचा हप्ता, यांपैकी काहीतरी एवढ्यात भागतं.

महाराष्ट्रात दारू प्यायला कायद्याने आजही परवाना लागतो. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा हा परवाना ‘आरोग्य टिकवण्यासाठी’ म्हणून दिला जातो. पण जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं आहे की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कोणतंही प्रमाण नाही. कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या श्रेणीत दारूची नोंद १९८८ सालीच झाली. तेव्हा ‘थोडी घेतलेली हृदयाला चांगली’ हा बैठकीतला युक्तिवाद आता मागे ठेवलेला बरा.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या पंधरा वर्षांवरच्या पुरुषांपैकी सुमारे १४ टक्क्यांनी आपण दारू पितो असं सांगितलं. गोव्यात हे प्रमाण जवळपास ३७ टक्के निघालं. केंद्र सरकारसाठी एम्सच्या तज्ज्ञांनी केलेल्या २०१९ च्या पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक पितात आणि त्यांपैकी ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे. म्हणजे पिणाऱ्या दर तिघांत एकाला.

आणि इथेच श्रावणाची दुसरी बाजू येते.

‘मी दरवर्षी श्रावण पाळतो, म्हणजे मी व्यसनी नाही.’ हे वाक्य घराघरांतल्या बायकांनी ऐकलंय, आणि व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्यांनाही ते पाठ झालंय. ते खरं नाही. नेमाची सक्ती असेल, शेवटची तारीख ठाऊक असेल, तर दारूच्या पुरता आहारी गेलेला माणूसही महिना काढू शकतो. तो दिवस मोजत असतो. संध्याकाळी सात वाजले की त्याची चिडचिड सुरू होते, जेवणात मीठ कमी पडलं म्हणून ताट सरकवलं जातं, मुलं त्या वेळी त्याच्या आसपास फिरकत नाहीत. श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात बाटली कपाटात येऊन बसते. श्रावण संपला की विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘कर’ असते, आणि महिनाभर तुंबलेली तहान त्या एका दिवसात भागवली जाते. महिनाभराच्या खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वीचेच चार पेग मग जास्त चढतात. गाडी चालवणाऱ्याने तर हे ध्यानात ठेवायलाच हवं.

पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. डॉ. अनिल अवचट आणि डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये हे केंद्र सुरू केलं. तिथले निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. श्रावणापेक्षा जेमतेम पाच-सहा दिवस जास्त! पण त्या दिवसांत समुपदेशन चालतं, घरच्यांना बोलावून घेतात, आणि बाहेर पडल्यावर पाठपुरावा सुरू राहतो. तिथे महिना ही सुरुवात समजली जाते. आपल्याकडे श्रावणात तोच काळ शेवट समजला जातो, आणि म्हणून हाताशी आलेलं बरंच काही निसटून जातं.

महिन्यानंतरचे अकरा महिने बदलू शकतात, याचाही पुरावा आहे. ससेक्स विद्यापीठाचे रिचर्ड डी व्हिसर यांनी २०१८ चा ड्राय जानेवारी पाळलेल्या आठशेहून अधिक लोकांना ऑगस्टमध्ये पुन्हा गाठलं. आठवड्यातले पिण्याचे दिवस सरासरी ४.३ वरून ३.३ वर आले होते, आणि तर्र होण्याचे प्रसंग महिन्याला ३.४ वरून २.१ वर. ही माणसं हौसेने नाव नोंदवलेली होती, त्यामुळे सगळ्यांनाच हे लागू होईल असं म्हणता येत नाही. तरी कारण पटण्यासारखं आहे. महिनाभर लग्नात, क्रिकेटच्या सामन्यात, ऑफिसच्या पार्टीत न पिता बसलेल्या माणसाला कळतं की आपण तहान म्हणून पीत नव्हतो, संध्याकाळ आहे म्हणून पीत होतो.

म्हणून श्रावण पाळणाऱ्यांनी या वेळी थोडं जास्त करावं. पहिल्या दिवशी वजन आणि रक्तदाब मोजावा, जमल्यास यकृताची आणि साखरेची रक्ततपासणी करावी, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा. दोन्ही कागद शेजारी ठेवून बायकोला, भावाला किंवा डॉक्टरांना दाखवावेत. जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे; तिच्यात आठ किंवा अधिक गुण आले तर पिणं धोक्याच्या हद्दीत गेलंय असं धरतात. आणि महिना संपण्याआधीच ठरवावं की पुढे आठवड्यातले कोणते दिवस कोरडे राहतील. घरात बाटली नको, हा त्यातला सगळ्यात परिणामकारक नियम.

एका माणसाने मात्र हा नेम स्वतःच्या मनाने धरू नये. जो रोज भरपूर पितो, ज्याचे हात सकाळी पहिला घोट मिळेपर्यंत थरथरतात, त्याने एकदम दारू तोडली तर दोन दिवसांत झटके येऊ शकतात. त्यानंतरच्या दिवसांत भास, ताप, भ्रम आणि मृत्यूही येऊ शकतो. २०२० च्या टाळेबंदीत मार्चअखेर दुकानं एका रात्रीत बंद झाली, तेव्हा देशभरातल्या रुग्णालयांनी असे रुग्ण पाहिले. एप्रिल २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत दारू मिळेना म्हणून सॅनिटायझर प्यायलेली सात माणसं दगावली. अशा माणसाला दूषणं देऊ नका, उपासाला बसवू नका. औषधं आणि जीवनसत्त्व बी-१ यांच्या आधाराने डॉक्टर त्याची दारू सुरक्षितपणे उतरवू शकतात. त्याला घेऊन जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा, किंवा १४४४६ या केंद्र सरकारच्या मोफत क्रमांकावर फोन करा. श्रावणाची वाट पाहू नका.