अक्काची वाटी आणि भीमसेनाची शिखरिणी

चैत्र शुद्ध प्रतिपदेस घरोघरी गुढी उभारली जाते आणि दुसऱ्याच दिवशी, द्वितीयेस, श्रीस्वामी समर्थांचा प्रकटदिन येतो. कर्जतहून खोपोलीकडे निघाले की पहिलेच स्थानक पळसदरी. तेथील श्रीस्वामींच्या मठात त्या दिवशी भाविकांची रीघ लागते. आमचे बालपण याच गावी गेले. त्या दिवशी घरच्या तसबिरीपुढे आई जो नैवेद्य ठेवी, त्याचे नाव शिखरण. केळ्याचे शिकरण नव्हे, श्रीखंडही नव्हे. वाटीने प्यावे असे पातळ आणि घशाखाली उतरताच उन्हाचा ताप विसरायला लावणारे गार. घरात फ्रीज नव्हता, बर्फही नव्हता. तरीही ते गार कसे होई, हे आम्ही तिला कधी विचारले नाही. उलट काशीयात्रा केल्याच्या थाटात, चार ग्रंथ वाचून आलेल्या आम्ही एकदा तिला म्हटले, "आई, हे तर पाणी घातलेले श्रीखंड!" ती नुसती हसली.

आई जाऊन आता पुष्कळ वर्षे झाली. गेल्या चैत्रात आमची थोरली बहीण आजारातून उठली, पण तिची अन्नावरची वासना उडाली होती. एके दिवशी ती म्हणाली, "अरे, आईची शिखरण मिळाली तर दोन घास जातील बघ." आम्ही तत्काळ बाजारचा चक्का आणला, साखर-दूध घालून घोटला आणि स्टीलच्या डब्यातून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. अक्काने एक चमचा घेतला आणि वाटी खाली ठेवली. "गार आहे रे, पण ही ती नव्हे."

त्या रात्री सोळाव्या शतकातील भावमिश्रांचा 'भावप्रकाश' काढून बसलो. त्यातील कृतान्नवर्गात रसाला अथवा शिखरिणी सांगितली आहे. भोजनप्रिय भीमसेनाने ती रचली आणि श्रीकृष्णांनी पुनःपुन्हा चाखली, हे आख्यान आम्ही कीर्तनाच्या उत्तररंगात कितीदा रंगवले असेल! परंतु पाककृती म्हणून तो श्लोक कधी वाचलाच नव्हता. पाणी निथळलेले म्हशीचे दही एक आढक. साखर दोन प्रस्थ, म्हणजे दह्याच्या निम्मी. दूध अर्धा घट, म्हणजे दह्याच्या दुप्पट. वेलची, लवंग, कापूर, मिरी. स्वच्छ वस्त्रावर थोडीथोडी साखर घालीत, दूध ओतीत ते गाळावयाचे, आणि कशात? नव्या मातीच्या भांड्यात!

आम्ही पोथी मिटली. आई दर पाडव्याला कर्जतच्या बाजारातून नवे मडके आणी आणि वडील त्या खर्चाला नावे ठेवीत, ते आठवले.

दुसऱ्या दिवशी नवे मडके आणून अहोरात्र पाण्यात भिजवले. रात्री दही फडक्यात टांगले. पहाटे एक वाटी घट्ट दह्यात अर्धी वाटी साखर हाताने घोळली आणि तापवून निववलेले दोन वाट्या दूध ओतीत पातळ कापडातून मडक्यात गाळले. वेलची, एक लवंग आणि दोन मिऱ्यांची पूड घातली. कापूर मात्र वगळला. आरतीचा कापूर पोटात जाणे हितावह नव्हे. मडके ओल्या वाळूत बसवून, भोवती ओले फडके गुंडाळून खिडकीत ठेवले. मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरणारे पाणी वाऱ्याने उडून जाते आणि जाताना आतील उष्णता घेऊन जाते. हवा कोरडी असली की गारवा अधिक.

फ्रीजइतकी थंड ती नव्हती. परंतु भिजल्या मातीचा गंध तिच्यात उतरला होता. दुपारी नैवेद्यानंतर अक्काने वाटी तोंडाला लावली, डोळे मिटले आणि रिकामी वाटी पुढे केली. "अजून आहे का रे?"

जो श्लोक आम्ही जन्मभर मुखाने म्हटला, तो आईने हातांनी जगवला होता. मग तिच्या तसबिरीपुढेही आम्ही एक वाटी ठेवली आणि तेव्हाच्या त्या बोलाची क्षमा मागितली.

येत्या चैत्रात आपल्या घरी हा नैवेद्य अवश्य करावा. मडके नवेच घ्यावे, कारण जुन्यात आंबटपणा मुरलेला असतो. आणि शिखरण त्याच दिवशी संपवावी. मात्र त्याआधी घरातील वडीलधाऱ्या माउलीला विचारून घ्यावे, "तुमच्या वेळी हे कसे करीत?" आमचे ते विचारायचे राहून गेले.