पेन्सिल जाते तेथून उंदीर जातो!

‘डोंगर पोखरून उंदीर काढला’ असे आपण थट्टेने म्हणतो. पण उंदीरच घर पोखरून वर्षाचे धान्य काढू लागला, की थट्टा उरत नाही. सुगी संपते, ज्वारी, गहू, हरभरा पोत्यांत भरून घरात येतो आणि शेता-परसातले उंदीरही मागोमाग घराची वाट धरतात. मग बाजारातून औषधाची पुडी येते, माळ्यावरचा पिंजरा खाली उतरतो, चार-सहा उंदीर पडतात. पंधरा दिवस गेले, की पुन्हा रात्री खुडबुड सुरू!

असे का होते? कारण आपण उंदीर मारतो, पण त्याची वाट उघडीच ठेवतो. ती वाट आपल्याला दिसत नाही, कारण या एवढ्याशा प्राण्याच्या अंगात काय कसब आहे याचा आपल्याला अंदाजच नसतो.

अंग लहान, करामती मोठ्या

घरातला लहान उंदीर भरतो जेमतेम 15 ते 20 ग्रॅम. त्याला आत शिरायला पाव इंच, म्हणजे सुमारे 6 मिलिमीटरची फट पुरते. शाळकरी पोराची शिसपेन्सिल ज्या भोकातून आत जाते, तेथून उंदीर जातो, हा हिशेब पक्का ध्यानात ठेवावा. खरी अडचण असते ती डोक्याची. मिशांनी चाचपून एकदा डोके आत गेले, की मऊ, लवचीक अंग मागोमाग ओढले जाते. मोठ्या उंदरालाही अर्ध्या इंचाच्या आसपास भोक असले तरी चालते.

लहान उंदीर जागच्या जागी एक फूट उंच उडी मारतो, मोठा उंदीर दोन-अडीच फूट. मातीच्या, दगडी किंवा खरबरीत विटांच्या भिंतीवर तो सरळ वर चढतो. दोरीवरून, विजेच्या वायरवरून, पाण्याच्या नळावरून तो तारेवरच्या डोंबाऱ्यासारखा चालत येतो. आठ फुटांवरून खाली पडला, तरी अंग झटकून पळून जातो. पोहायलाही येते, त्यामुळे मोरीची नळी म्हणजे मोठ्या उंदराला जणू राजरस्ताच.

आणखी एक गंमत. लहान उंदराला प्यायला वेगळे पाणी नसले तरी चालते, धान्यातल्या ओलाव्यावर तो दिवस काढतो. मोठ्या उंदराला मात्र रोज पाणी लागते. म्हणून रात्री बादल्या, घागरी झाकल्या आणि गळका नळ दुरुस्त केला, तर मोठ्या उंदराची अडचण होते, लहान्याची नाही.

दात की पटाशी?

उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. दाताची पुढची बाजू कठीण आणि मागची मऊ असते. मागची बाजू लवकर झिजते आणि पुढची धार सुताराच्या पटाशीसारखी आपोआप तासली जाते. म्हणून लाकूड, प्लास्टिक, रबर, कच्चा गिलावा, इतकेच काय पण ॲल्युमिनियमदेखील तो कुरतडतो. कुरतडताना गाल दातांच्या मागे मिटून घेतो, म्हणजे भुसा तोंडात जात नाही. ठिबकच्या नळ्या आणि मोटारीच्या स्टार्टरच्या वायरी हा काय करून ठेवतो, हे बागायतदारांना वेगळे सांगायला नको.

पण या दातांनाही मर्यादा आहे. दात रोवायला त्याला कड लागते. सपाट, गुळगुळीत पत्र्यावर दाताला धर मिळत नाही. चांगले मुरलेले काँक्रीट आणि काच यांपुढेही त्याचे काही चालत नाही. आपल्याला याच गोष्टीचा फायदा घ्यायचा आहे.

नुकसान खाण्याचे कमी, नासाडीचे जास्त

लहान उंदीर दिवसाला तीनेक ग्रॅम दाणे खातो, म्हणजे वर्षाला किलोभर. ऐकायला फार वाटत नाही. पण तो दिवसाला पन्नासावर लेंड्या टाकतो, धान्यावर मुततो, पोती फाडतो. मादी वीस-एकवीस दिवसांत विते, एका वेताला पाच-सहा पिले होतात आणि ती पिले दीड महिन्यात वयात येतात. चातुर्मासाच्या आरंभी घरात शिरलेली एक जोडी दिवाळीला किती होते, याचा हिशेब ज्याने त्याने करून पाहावा.

त्यात उंदीर एकटा येत नाही. त्याच्या वासावर नाग, मण्यार, घोणस घरात येतात आणि भुईवर झोपणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते. पावसाळ्यात उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो. 26 जुलै 2005 च्या पुरानंतर मुंबईत या तापाची साथ आली होती. आणि प्लेग? ऑगस्ट 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला या गावाचे नाव प्लेगमुळेच देशभर गेले, पुढच्याच महिन्यात सुरत हादरली. उंदीर हा नुसता धान्याचा प्रश्न नाही, तो असा माणसांचाही आहे.

घर बंद कसे करावे?

एक पेन्सिल आणि बॅटरी घ्या आणि दिवसाउजेडी घराभोवती एक फेरी मारा. जेथे पेन्सिल आत जाते, तेथे खडूने खूण करा. बहुतेक घरांत पुढील जागा सापडतात.

दाराखालची फट : उंबरठा झिजलेला असतो आणि दाराची खालची कड उंदराला कुरतडायला आयती मिळते. खालच्या कडेला वीतभर रुंद पत्र्याची पट्टी दोन्ही बाजूंनी ठोका. फट पेन्सिलीपेक्षा कमी ठेवा.

पत्र्याच्या पन्हळी : पन्हळी पत्रा भिंतीवर टेकतो तेथे प्रत्येक पन्हळीखाली एक मोकळे दार असते. त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. ही भोके सिमेंट-वाळूने भरून घ्या. कौलारू घरात वाशांच्या टोकाशी असलेल्या सांदी भराव्यात.

नळ, वायर, मोरी : भिंतीतून नळ किंवा वायर आत येते, त्याभोवती फट राहते. तेथे भांडी घासायची तारेची घासणी दाबून बसवा आणि वरून सिमेंट लावा. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी हवी. खिडकीला, झरोक्यालाही पाव इंचाहून लहान छिद्राची लोखंडी जाळी बसवा, प्लास्टिकची नको.

भिंतीतली बिळे : संध्याकाळी सगळी बिळे चिखलाने लिंपून टाका. सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालती बिळे. त्यांत काचेचे तुकडे आणि सिमेंट भरा.

घराला लागून सरपण, कडबा, गोवऱ्या रचू नयेत. पोती जमिनीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावीत आणि थप्पी भिंतीपासून दीड-दोन फूट लांब असावी, म्हणजे मागे झाडता येते. धान्याला पत्र्याची कोठी सर्वांत चांगली. परसात उंच कणगी असेल तर तिचे पाय तीन फूट तरी उंच असावेत आणि प्रत्येक पायाला पत्र्याची पालथी झालर लावावी. पायावरून वर चढणारा उंदीर झालरीखाली अडतो.

पिंजरा, औषध आणि मांजर

वाटा बंद झाल्या, की आत राहिलेल्यांची पाळी. उंदराची नजर अधू, तो भिंतीला अंग घासत चालतो. त्याची वाट शोधायला रात्री रांगोळी किंवा राख पसरा, सकाळी पावले उमटलेली दिसतात. लहान उंदीर घरट्यापासून फार तर तीसेक फूट फिरतो. म्हणून एक पिंजरा मधोमध ठेवण्यापेक्षा भिंतीलगत सहा-सात फुटांवर एकेक ठेवावा. भजे, शेंगदाणा किंवा सुकट, यांपैकी काहीही चालते. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. त्याच्यासाठी पिंजरा तीन-चार दिवस न लावता नुसता खाऊ घालून ठेवावा, मग लावावा.

विषारी औषध स्वयंपाकघरात नकोच. पोरेबाळे, कोंबड्या, कुत्री यांच्या तोंडी ते जाऊ शकते. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये, ती पोटात गेली तर तिच्यावर उतारा नाही. विष खाऊन मेलेला उंदीर खाल्ल्याने मांजर आणि घुबडही दगावू शकते. मांजर जरूर पाळावे, पण जेथे पेन्सिल जाते तेथे मांजर जात नाही. शेतातल्या धामणीला मारू नये, ती फुकटची राखणदार आहे.

लेंड्या कोरड्या झाडू नयेत. फिनेल किंवा ब्लिचिंगचे पाणी शिंपडून मग पुसाव्यात.

एका घराचे काम नव्हे

एका घराने वाटा बुजवल्या तर उंदीर शेजारच्या घरात जातात. म्हणून हे काम गल्लीने मिळून, एकाच आठवड्यात करायला हवे. ग्रामपंचायतीने रास्त भाव दुकानाचे गोदाम, शाळेच्या पोषण आहाराची खोली आणि अंगणवाडी या तीन जागा आधी तपासाव्यात. दाराची पट्टी आणि जाळी यांचा खर्च वाया जाणाऱ्या धान्यापुढे काहीच नाही. ग्रामसभेत हा विषय एकदा घ्याच.

आणि एक इशारा. औषध न घालता गावात उंदीर आपोआप मरून पडू लागले, तर त्यांना हात लावू नका आणि घाईने उरलेले मारायला निघू नका. मेलेल्या उंदरावरच्या पिसवा माणसाकडे वळतात. आधी पिसवांचा बंदोबस्त, मग उंदरांचा, असाच क्रम ठेवावा लागतो. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवावे.

यंदाचे धान्य घरात येण्याआधी एवढे करा : पोराच्या दप्तरातली पेन्सिल घ्या आणि दाराखाली सरकवून पाहा. ती आत गेली, तर औषधाची पुडी आणण्याआधी सुताराला बोलवा.